जिना चढायच्या आधीचं दुखणं

उजवा गुडघा. सात वर्षं झाली आता. आधी फक्त जिना उतरताना दुखायचा, मग चढतानाही दुखायला लागला, मग खुर्चीतून उठताना, आणि मधे एक काळ असा आला की रात्री कूस बदलायची तरी गुडघ्याची परवानगी काढावी लागायची. निदान म्हणाल तर काही फार भारी नाही, झीज. रिपोर्टवर ऑस्टिओआर्थ्रायटिस असा लांबलचक शब्द आहे पण बोलताना सगळे झीजच म्हणतात, आणि "वंगण संपलंय गं तुझं" हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की मी स्वतःला गंजलेली बिजागरी समजायला लागले होते.

एक आधीच सांगून टाकते, ही गुडघा बरा झाल्याची गोष्ट नाही. आज सकाळी पण दुखलाय. पण चार वर्षांपूर्वी मी जिने, लांबचं चालणं, लोकांकडे जाणं, थिएटरमधली मधली सीट असं एकेक करून सोडत चालले होते आणि आता त्यातलं बरंचसं परत करतेय, एक्सरे मात्र तेव्हा होता तसाच आहे, उलट थोडा जास्तच खराब असेल. मग मधल्या काळात बदललं काय, हे माझं मलाच नीट कळावं म्हणून लिहून काढतेय.

सुरुवात एका व्हिडिओपासून झाली. फिजिओथेरपीला जायचे तिथल्या मॅडम एक दिवस म्हणाल्या चला आज जिन्यावर जाऊ, आणि मी चढत असताना त्यांनी माझ्याच मोबाईलवर शूट केलं. मग दोघींनी बसून बघितलं. मला वाटलं पाऊल कसं पडतंय, गुडघा आत वळतोय का, असलं काहीतरी दाखवतील. त्यांनी व्हिडिओ पहिल्या पायरीच्याही आधी थांबवला. मी पायरीसमोर उभी, दोन्ही पाय जमिनीवरच. पण दात आवळलेले, उजवा खांदा कानाला टेकायला आलेला, कठडा असा घट्ट धरलाय की जणू कोणी तो हिसकावून नेणारे, आणि श्वास तर चक्क बंद.

"आत्ता दुखत होतं का?"

"नाही, पण दुखणार होतं ना."

"मग हे सगळं कशासाठी चाललंय?"

मला काही उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर रागच आला. कारण असलं मी आधी ऐकलेलं होतं. काही वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी एक्सरे उजेडावर धरून बघितला आणि म्हणाले, याच्या मानाने तुम्हाला जरा जास्तच दुखतंय, काही टेन्शन वगैरे आहे का. ते "जरा जास्तच" मी घरी घेऊन आले आणि वर्षभर उगाळत बसले. म्हणजे मी काय नाटक करतेय? तेव्हापासून मन, ध्यान, श्वास असं कोणी काही काढलं की मी आतून कडी लावून घ्यायचे. गुडघा दुखतोय, डोकं नाही, हे माझं ठरलेलं वाक्य.

ते वाक्य अर्धं चूक आहे हे कळायला बराच वेळ गेला. अर्धं म्हणतेय कारण गुडघा दुखतोय यात काही वाद नाहीच. पण जी झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, तिला स्वतःला नसाच नसतात, दुखतं ते आजूबाजूचं, सांध्याचं अस्तर, कूर्चेखालचं हाड, वाटीखालची चरबी, अस्थिबंध वगैरे. त्यामुळे किती झिजलंय आणि किती दुखतंय ही दोन वेगळी खाती आहेत, एकाचा हिशोब दुसऱ्यात लागत नाही. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आलेला एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमचा, त्यात पन्नाशीपुढची ७१० माणसं होती आणि सगळ्यांचे एक्सरे झिजेच्या दृष्टीने क्लीन होते. एमआरआय काढला तर ८९ टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही सापडलं, आणि गंमत म्हणजे ज्यांचा दुखत होता आणि ज्यांचा अजिबात दुखत नव्हता त्यांच्यात फरक अगदी थोडाच. आमच्या घरातलंच उदाहरण, माझ्या दादाचा गुडघा एक्सरेत माझ्यापेक्षा वाईट दिसतो आणि तो रोज तासभर चालून येतो, कधीतरी कटकट वाजतो म्हणतो, बस.

दुसरा अभ्यास वाचला तेव्हा तर मी दोन दिवस अस्वस्थ होते. ह्यूस्टनला ब्रूस मोझली नावाच्या सर्जननी गुडघ्याच्या झिजेचे १८० पेशंट घेतले, काहींची दुर्बिणीतून सफाई केली, काहींचा सांधा फक्त धुतला, आणि काहींना नुसते वरवर छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. २००२ साली निकाल आला, दोन वर्षं पाठपुरावा करूनही तिन्ही गट सारखेच. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की लोकांना काय येडं बनवलं. पण तसं नव्हतं, कदाचित आपल्याला खोटंच ऑपरेशन मिळेल हे त्या लोकांनी आधीच लिहून दिलेलं होतं. मग सुधारले ते सगळे ढोंगी होते का? नाही ना. मग "टेन्शन आहे का काही" विचारल्यावर मला जे लागलं होतं, आपण खोट्या ठरतोय असं, ते तरी कशाला लागावं? दुखणं खरंच असतं आणि तरीही ते मेंदू, मज्जारज्जू, भीती, झोप, आजूबाजूची माणसं या सगळ्यांतून बनून येतं, यात मला पूर्वी विरोध दिसायचा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसपी, त्यांनी २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा हे दोन्ही एकत्रच लिहिलंय, की वेदनेवर शरीराचा, मनाचा आणि समाजाचा परिणाम असतो, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचं म्हणणं मानलं गेलं पाहिजे. ते वाचून एवढं हायसं वाटलं की प्रिंट काढून त्या डॉक्टरांकडे पाठवावी असं मनात आलं होतं. पाठवली नाही.

मॅडमनी मला शास्त्र फार सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात, पूर्वी ज्या धक्क्याला नुसती कुरकुर व्हायची त्याला आता बोंब होते. आणि दुसरं म्हणजे भीतीने आपण मांडीचे पुढचे आणि मागचे दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतो, म्हणजे एकाने सोडायचं तर दुसऱ्याने ओढायचं असं न होता दोघेही ओढतात आणि मधे सांधा चेपला जातो. हे मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी गुडघ्याला जपतेय जपतेय म्हणत होते आणि जपण्याच्या नावाखाली त्यालाच पिळत होते.

तर मन-शरीराचा जो काही प्रकार म्हणतात तो माझ्यापुरता इथून सुरू झाला, मेणबत्ती लावून नाही. पायरीसमोर आलं की थांबायचं, जबडा सैल सोडायचा, खांदा खाली, आणि पाय उचलताना श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा. एवढंच. पहिल्या आठवड्यात मी इतकी गोंधळले की श्वासाच्या नादात पायरीच चुकले. मागून येणाऱ्या मुलाने "काकू, सावकाश" म्हटलं, तेही लागलं मनाला, काकू. पण तीनेक आठवड्यांनी एक गोष्ट लक्षात आली, पहिल्या चार पायऱ्यांना जी कळ यायची ती रोज येत नाहीये. येते तेव्हा तेवढीच येते. पण रोज नाही.

मग मला जरा धीर आला आणि मी बॉडी स्कॅन शिकले. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ध्यानाचा जो कोर्स सुरू केला त्यातला हा मुख्य प्रकार, आणि तो सुरूच झाला होता मुळी औषधपाण्याने फार फरक न पडलेल्या जुनाट दुखण्याच्या लोकांसाठी. आडवं पडायचं आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापासून लक्ष हळूहळू अंगभर फिरवायचं. पहिले दहा दिवस मी डाव्या पोटरीच्या पुढे गेलेच नाही, घोरायला लागायचे, नवरा म्हणायचा ध्यान फार गाढ लागतंय तुझं. मग दुपारी खुर्चीत बसून करायला लागले.

यात एक गैरसमज माझाही होता आणि बहुतेकांचा असतो, की हे रिलॅक्स व्हायला करायचं. तसं ठरवून बसलं की होतच नाही, उलट अजून कसं रिलॅक्स झालो नाही याचंच टेन्शन. करायचं फक्त एवढंच की जे आहे ते बघायचं. आणि गुडघ्यापाशी पोचल्यावर मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा सापडलं काय, तर दुखणारी जागा दोन बोटांएवढी आहे, वाटीच्या आतल्या बाजूला, जरा खाली. बाकीचा गुडघा दुखत नव्हता. बाहेरची बाजू तर मस्त होती. पाच वर्षं मी "गुडघा दुखतोय" म्हणत होते, कधी "पाय गेला" म्हणत होते, आणि जागा दोन बोटांची. शिवाय ते एकसारखंही नव्हतं, आधी ठणका, मग नुसतं गरम, मग काही सेकंद काहीच नाही, मग परत. याने दुखणं कमी झालं असं नाही म्हणणार मी. पण त्याला कडा आहेत हे कळलं.

काही दिवस हे उलटंही जातं हे सांगायला हवं. जास्त दुखत असताना तिथेच लक्ष लावून बसलं की ते वाढतं, निदान माझं तरी. मग मी हाताच्या तळव्यावर लक्ष नेते, नाहीतर बाहेरचे आवाज ऐकते, आणि तेही जमत नसेल तर सरळ उठते. ज्यांना शांत पडून राहणं हीच शिक्षा वाटते त्यांनी जेकबसन यांची जुनी पद्धत करून बघावी, १९२० च्या दशकातली आहे, एकेक स्नायू पाच-सात सेकंद आवळायचा आणि सोडून द्यायचा. माझ्यासारख्या चुळबुळ्या बाईला ती जास्त मानवली. दुखऱ्या पायाची मांडी मात्र हलकीच आवळायची, जोर लावला की पेटके येतात.

आता विचारांचं. मॅडमनी एक प्रश्नावली भरायला दिली होती, तेरा प्रश्नांची, दुखत असताना डोक्यात काय चालतं त्याची. जास्तीत जास्त ५२ मार्क आणि इथे जास्त मार्क म्हणजे वाईट, मला ३६ मिळाले. हे कधी संपणारच नाही, यातून काहीतरी भयंकर होणार, माझ्या हातात काही नाही, अशी वाक्यं असतात आणि किती वेळा मनात येतं ते लिहायचं. मी भरताना विचार करत होते, हे तर सगळ्यांनाच वाटत असेल ना, यात विचारायचं काय. आपल्याकडे म्हण आहेच, मन चिंती ते वैरी न चिंती. माझी साखळी अशी असायची, कळ आली, म्हणजे झीज वाढली, म्हणजे ऑपरेशन, म्हणजे ते फसलं तर, म्हणजे मी अंथरुणात, म्हणजे मुलीला सगळं सोडून यावं लागणार. पहिल्या पायरीपासून इथपर्यंत यायला मला चार सेकंद लागायचे. आता मी साखळी तोडत नाही, तुटत नाही ती, फक्त तिला क्रमांक दिलेत. कळ आली की मनात म्हणते, चला, एक नंबर झाला, आता झीज वाढली म्हणणार. आणि कधीकधी तीन नंबरला हसू येतं.

पॉझिटिव्ह थिंकिंग मात्र मला झेपलं नाही. "माझा गुडघा निरोगी आहे" असं आरशासमोर एकवीस वेळा म्हणायला एका मैत्रिणीने सांगितलं होतं, सातव्या वेळेला मी स्वतःशीच भांडायला लागले. तसंच ते सोनेरी प्रकाश गुडघ्यात शिरतोय आणि कूर्चा नवी होतेय अशी कल्पना करायची वगैरे. कल्पना करा हवी तर, पण श्वासाने किंवा ध्यानाने झिजलेली कूर्चा परत उगवत नाही, आणि उगवते म्हणून कोणी कोर्स विकत असेल तर तिथून शक्य तितक्या वेगात चालू लागा, कठडा धरून का होईना.

हालचालीचं सगळ्यात शेवटी आलं माझ्याकडे, खरं तर आधी यायला हवं होतं. ताई ची, म्हणजे तो सावकाश हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, करून बघा असं मॅडमनी सुचवलं. मला ते बागेतल्या म्हाताऱ्यांचं काहीतरी वाटायचं. पण २०१६ मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेच्या २०४ लोकांवर तुलना झाली, निम्म्यांना आठवड्यातून दोनदा असं बारा आठवडे ताई ची, बाकीच्यांना नेहमीची फिजिओथेरपी, आणि दुखणं दोघांचंही जवळपास सारखंच कमी झालं, उदासपणा तर ताई चीवाल्यांचा जास्त कमी झाला. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात गुडघ्यासाठी ताई चीची शिफारस ठामपणे केलीय, योग आणि विचारांवर काम करणारी सीबीटी थेरपी यांचीही केलीय पण जरा हात राखून. मी वाईट करते ताई ची. डावा-उजवा कळत नाही, शिक्षिका पूर्वेला आणि मी पश्चिमेला. तरी त्यात एक आहे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर इतकं सावकाश न्यायचं असतं की कुठल्या क्षणी मी घाबरून आवळते ते लगेच सापडतं. जिन्यावर ते कळायच्या आत होऊन गेलेलं असतं.

योगाने मला एकदा फसवलंय, म्हणजे मीच फसले. वर्गात सगळे टाचांवर बसले म्हणून मीही बसले, शिक्षिका नको म्हणत असताना. दहा दिवस सूज. बाजूच्या सत्तर वर्षांच्या बाई आरामात बसल्या होत्या हे खरं कारण. आता खुर्चीवरचा योग करते आणि कोणाकडे बघत नाही, बघते, पण करत नाही.

बऱ्या दिवसाचं काय करायचं हे मला सगळ्यात अवघड गेलं. वाईट दिवशी विश्रांती घेणं सोपंय, बऱ्या दिवशी मी साचलेली सगळी कामं उरकायचे, कपाटं आवरा, बाहेरची कामं करा, आणि मग तीन दिवस झोपून. मॅडमचा नियम असा की दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं, नाही आलं तर कालचं जास्त झालं. म्हणून आता बऱ्या दिवशी पण वीस मिनिटांचा टायमर लावते, आणि तो वाजला की कपाट अर्धं उघडं ठेवून बसते. यासारखा मनाचा व्यायाम नाही, ध्यान परवडलं.

घरच्यांचं पण थोडं बघावं लागलं. मी जरा उठायला लागले की नवरा "बस गं, मी आणतो." प्रेमानेच म्हणतो, आणि मला ते आवडायचंही. पण दिवसातून पंधरा वेळा कोणी तुम्हाला उठू नकोस म्हटलं तर सोळाव्यांदा तुम्ही स्वतःच स्वतःला म्हणता. एक दिवस त्याला सांगितलं, मी मागितलं तरच आण. तो दोन दिवस रुसला. आता मी उठताना तो नुसता माझ्या चेहऱ्याकडे बघतो, ते बोलण्यापेक्षा वाईट आहे पण चालतंय.

आणि हे सगळं औषधाऐवजी नाही हां. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम चालूच आहेत, दुखरा दिवस असेल तर डॉक्टरांनी दिलेलं जेल लावते, साडेचार किलो वजन उतरवलंय, कारण एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो म्हणतात. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, मधेच अडकून बसला, पडल्यावर पायावर उभंच राहता येईना, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर श्वासबिस सोडत बसू नका, डॉक्टरकडे जा. माझी एक मैत्रीण अडकलेल्या गुडघ्यावर तीन आठवडे ध्यान करत होती.

झोपेबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी तोच जिना दुप्पट वाटतो, हे मी वहीत महिनाभर लिहून ठेवलं तेव्हा कळलं, हवामानाशी काही जुळतंय का तेही लिहीत होते, माझं तरी नाही जुळलं.

गेल्या महिन्यात मॅडमनी परत व्हिडिओ काढला, त्याच जिन्यावर. जुना आणि नवा शेजारी लावून बघितले. जबडा सैल, कठड्यावर बोटं नुसती टेकलेली, श्वास चालू आहे हे टीशर्टवरून दिसतंय. मी खूश. मग त्यांनी परत पहिल्या पायरीच्या आधी थांबवला आणि माझ्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं. अजून वरच. सात वर्षं झाली, खाली यायला तयार नाही. "हा कधीपासून असा आहे, आठवतंय का?" म्हणाल्या. मी म्हटलं गुडघ्यापासूनच असेल. घरी आल्यावर सहज लग्नातले फोटो काढून बघितले. तेव्हाही वरच होता.